आरणीतल्या पाकोळीचा फोटो

माझ्या गिऱ्हाइकांत सगळ्यात बिनतक्रार कोण, असं कुणी विचारलं तर मी बेलाशक सांगतो, किडे. "माझा डावा गाल चांगला येतो, तिकडूनच काढा," असं मला आजवर एकाही नाकतोड्यानं सांगितलेलं नाही. फोटो हातात घेऊन "यात मी म्हातारा दिसतो," असं कुरकुरत कुठला भुंगा दुकानाची पायरी उतरला नाही. खोड एकच, क्षणभर गप्प बसायचं नाही. पण ती तर बोहल्यावरच्या नवरदेवालाही असते.

चिंचवड स्टेशनसमोर माझा स्टुडिओ होता. पन्नास सालानंतर पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहायला लागले आणि त्यांच्याबरोबर माझा धंदाही उभा राहिला. कारखान्यात लागायचं म्हणजे पासाला फोटो हवा. कोकणातून, बीडकडून, सोलापूरकडून माणसं ट्रंक घेऊन उतरायची ती आधी खोली शोधायची आणि मग माझा स्टुडिओ. मी एक काळा कोट खुंटीला टांगून ठेवला होता. जो येई तो तो कोट चढवून खुर्चीत बसे. एका कारखान्याचं अख्खं खातं माझ्या एका कोटात भरती झालं, असं मी अजून चारचौघांत सांगतो आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही.

हे पोटाचं काम झालं. सुट्टीच्या दिवशी मात्र मी कॅमेरा आणि त्याची तीन पायांची घोडी, म्हणजे तिकाटणं, सायकलला बांधून निघायचो. कधी निगडीच्या माळावर, कधी काळेवाडीच्या बाजूला नदीकाठच्या बाभळींत. रुईच्या झाडासमोर गुडघे टेकून तासन्‌तास बसलेला माणूस पाहून गुराखी पोरं लांबून विचारायची, "काय हरवलंय का वो?" हिच्या माहेरच्या मंडळींनी तर मला कायमचं बाद करून टाकलं होतं. माणसांचे फोटो काढून पैसे मिळतात हे त्यांना समजत होतं. किड्यांचे काढून काय मिळतं, हे मलाही सांगता येत नव्हतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय, जवळ जायचं आणि बटण दाबायचं. तसं असतं तर मीही किड्यांच्या नादाला लागलो नसतो. साध्या कॅमेऱ्याला हातभर अंतराच्या अलीकडचं काही दिसत नाही, म्हाताऱ्या माणसाला वर्तमानपत्र दिसत नाही तसं. जवळचं दिसायला भिंग मागच्या फिल्मपासून, माझ्या कॅमेऱ्यात मसाला लावलेल्या काचेपासून, लांब न्यावं लागतं. म्हणजे मधला काळ्या कातड्याचा भाता लांबवायचा. तो लांबवला की उजेड दुबळा होतो. टॉर्च भिंतीजवळ धरून मागे मागे नेऊन पाहा, वर्तुळ मोठं होत जातं आणि फिकं पडत जातं, तोच प्रकार. उजेड कमी म्हणून वेळ जास्त द्यावा, तर तेवढ्यात किडा पुढच्या पानावर. शिवाय इतक्या जवळून एका वेळी एखाद्या कागदाच्या जाडीएवढंच स्पष्ट येतं. डोळा स्पष्ट आला तर मिशा धूसर, मिशा आल्या तर डोळा गेला. सबंध किडा, जिवंत, आपल्या कामात गढलेला, आणि नखशिखांत स्पष्ट, असा फोटो आला की मी दोन दिवस जमिनीवर नसे.

माझ्या कॅमेऱ्याचा लांब भाता शब्बीर मिस्त्रीनं केला होता. त्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच. चिंचवडच्या जुन्या घरातला माणूस, हात सोन्याचा आणि तोंड त्याहून मोठं. बाजाच्या पेटीच्या भात्याचं कापड पैदा करून त्यानं मला हवा तेवढा लांबणारा भाता शिवला, लेथवर कड्या कातल्या आणि साऱ्या स्टेशनला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "राव, मुंगीनं पान खाल्लं आसंल तर तिची जीभ लाल दिसंल ह्यात." काळ्यापांढऱ्या फोटोत लाल कुठून दिसणार, हे मी विचारलं नाही. फुशारकीच्या मध्ये अडवलं की तो काम टाकून चहाला जात असे.

एक गंमत सांगतो. एका कारखान्याचे बडे साहेब बंगल्यात गुलाब लावायचे. ते एकदा काड्यापेटीत मेलेलं फुलपाखरू घेऊन आले. ते गुलाबावर डकवून असा फोटो काढा की बसलंय असं वाटलं पाहिजे, म्हणाले. मी सांगितलं, मेलेला किडा फोटोत मेलेलाच दिसतो. त्याचे पाय पोटाशी दुमडतात, धरलेलं सुटलेलं असतं. साहेब हट्टाला पेटले तेव्हा मी निमूटपणे तसा फोटो काढून दिला. चार दिवसांनी ते परत आले आणि म्हणाले, "बाईसाहेब विचारतात, हे फूल श्राद्धाचं आहे का?" तेव्हापासून मी मेलेल्या किड्याचा फोटो काढणं कायमचं बंद केलं. हा नियम पुढं मला चांगलाच महागात पडणार होता, आणि त्यामुळेच माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला फोटोही मिळाला.

चैत्र उतरणीला लागला तेव्हा शेतकी खात्यातले लेले साहेब स्टुडिओत आले. हातात पुठ्ठ्याचं खोकं. ते उघडल्यावर असा वास सुटला, की कोट घालून बसलेलं गिऱ्हाईक कोटासकट बाहेर पळालं. खोक्यात सडलेले बटाटे होते. लेले साहेब सज्जन माणूस, पण बोलायला लागले की त्यांना थांबा नसे. त्यांच्या लांबलचक बोलण्यातून मला कळलं ते असं. खेड तालुक्यात, चाकणच्या पुढं भामा नदीच्या काठच्या एका गावात बियाण्याचे बटाटे सलग दोन वर्षं सडत होते. हे काम एका राखाडी पाकोळीचं, म्हणजे बारक्या पतंगाचं. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते. बटाट्याला जे डोळे असतात त्यांत ती अंडी घालते, अंड्यातून अळी निघते आणि आत पोखरत जाते. लेले साहेबांनी हे गावाला परोपरीनं सांगितलं होतं. पण पाकोळी आणि अळी यांचं माय-लेकराचं नातं गावाला पटत नव्हतं. पाकोळीला धड तोंड नाही, ती काय बटाटा खाणार, असं लोक म्हणत.

"तिचा अंडी घालतानाचा फोटो मिळाला तर मी तो सगळ्या तालुक्यात दाखवीन," लेले साहेब म्हणाले. "अक्षयतृतीयेला गावाची बैठक आहे. त्याच्या आत हवा."

"एवढी घाई का?"

"कारण त्या बैठकीत एका बाईचा निकाल लागणार आहे."

ती बाई म्हणजे सरूबाई. आम्ही एस.टी.नं चाकणला उतरलो, पुढं बैलगाडी. बरोबर शब्बीर होता, कारण भाता त्याचा होता आणि तो दुसऱ्यानं हाताळलेला त्याला खपत नसे. सरूबाई पन्नाशीची, उंच, काटक, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. आमच्या पेट्या उतरताना ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"फोटू काढल्यावर कीड मरती का?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "नाही."

"मंग बसा. पानी पिऊन माघारी जावा."

पण तिनं आम्हाला माघारी पाठवलं नाही. पाणी दिलं, भाकरी दिली आणि मग आरण दाखवायला नेलं. आरण म्हणजे बटाटे साठवायची त्या भागातली जुनी रीत. झाडाच्या दाट सावलीत जमीन थोडी उकरायची, पाणी मारून गार करायची, तिच्यावर बटाट्यांचा लांबट ढीग लावायचा आणि उसाच्या पाचटानं झाकून टाकायचा. फाल्गुनात काढलेला बटाटा असा आषाढातल्या लागवडीपर्यंत राहतो. त्या गावात खायचा बटाटा ज्याचा तो ठेवी, बियाण्याचा मात्र सगळ्या गावाचा एकत्र, सरूबाईच्या आमराईत. तिच्या सासऱ्याच्या आधीपासूनची ही पद्धत होती. म्हाताऱ्यानं जाताना मुलाच्या नव्हे, सुनेच्या हाती आरण सोपवली होती. गावात तिला जो काही मान होता तो त्या ढिगाचा होता.

आणि दोन वर्षं तोच ढीग सडत होता. आम्ही उभे असतानाच बाबू पाटील आले. भारदस्त माणूस, आवाजही तसाच. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगतो. त्यांनी आमच्या पेट्यांकडं पाहिलं आणि सरूबाईला म्हणाले, "सरूवैनी, फोटूनं काय व्हनार? राग मानू नका, पर तुमच्या हाताचा गुन गेला. आखितीला ठरवून टाकू. औंदापासनं आरन माझ्या बागंत."

पाटील गेल्यावर सरूबाई खाली बसली आणि ढिगातला एक नासका बटाटा काढून बराच वेळ हातात धरून राहिली. "हात कापून दिऊ का त्यास्नी?" एवढंच म्हणाली. मला त्या बाईसाठी फार वाईट वाटलं, आणि थोडा रागही आला. हाताला गुण नाही, हा असा आरोप आहे की त्याच्याविरुद्ध साक्षीदार आणता येत नाही.

लेले साहेबांनी सुचवलं की एक पाकोळी पकडून काचेखाली बटाट्यावर सोडा आणि काढा फोटो. पकडली. ती काचेला धडका देत राहिली. अंडी घालायचं नावही काढीना. शेवटी ती मेली, आणि मेलेल्याचा फोटो मी काढत नसतो. लेले साहेबांना दुसऱ्या गावी जायचं होतं. जाताना ते म्हणाले, "मग आरणीशीच बसा." तसा मी बसलो.

कॅमेरा तिकाटण्यावर आडवा करून आरणीच्या पोटाशी लावला. संध्याकाळच्या उजेडात कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर प्रतिमा बघून नेम धरता येत नाही, म्हणून शब्बीरनं भिंगापुढं तारेची एक छोटी चौकट बसवली होती. त्या चौकटीत जे येईल ते स्पष्ट, बाहेरचं धूसर. चौकटीत बटाट्याचा डोळा धरून ठेवायचा, पाकोळी त्यात शिरली की फ्लॅशचा बल्ब उडवायचा. एक बल्ब म्हणजे एक फोटो. बल्ब जळाला, फोटोची काच बदला, नवा बल्ब लावा, आणि तोवर पाकोळी कुठल्या कुठं. पहिल्या संध्याकाळी मी तीन बल्ब उडवले आणि बटाट्यांचे सुंदर फोटो मिळवले.

दुसऱ्या दिवशी मी दुपारपासूनच जाऊन बसलो. ऊन तापलेलं, आरण पाचटाखाली झाकलेली. मी पाचट बाजूला करून चौकटीत डोळा धरला आणि वाट बघत राहिलो. एक पाकोळी फिरकेल तर शपथ. शब्बीर झाडाखाली घोरत होता. दिवस कलला, गुरं परतली, सरूबाई ती बांधून आली आणि तिनं आरण उघडायला घेतली. झोपलेल्या लेकराच्या अंगावरचं पांघरूण काढावं तितक्या हळू ती पाचट बाजूला करत होती. दिवसभराची ऊब निघून जावी, संध्याकाळचं गार वारं बटाट्याला लागावं, म्हणून. आरणीला वारं देणं म्हणतात त्याला. त्या गावात सगळेच असं करत, पण सरूबाईसारखं नेमानं कुणी करत नसे. ताप असो, सण असो, तिची आरण रोज दिवस मावळताना उघडायची आणि अंधार पडल्यावर झाकली जायची.

मी चौकटीवर डोळा लावून बसलो होतो म्हणून मला ते दिसलं. पाचट हटलं आणि कुंपणातून, गोठ्याच्या छपरातून, शेतातल्या वाळल्या पाल्यातून त्या निघाल्या. राखाडी, बुटक्या, उडत कमी आणि तुरूतुरू पळत जास्त. दिवसभर एक नव्हती आणि आता बटाट्याबटाट्यावर होत्या. मी बल्ब उडवायचा विसरलो. म्हटलं, "सरूबाई, जरा इथं बसा. आणि नुसतं बघा."

ती माझ्या शेजारी उकिडवी बसली. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "म्हादूची आरन बांधापल्याड हाय. आळशी मानूस. आठवड्यातनं एकदा उगडतो, ते बी बायकू वरडली तर. त्याचा बटाटा माझ्यापरीस बरा निगतो." मग तिनं स्वतःच बाजूला केलेल्या पाचटाकडं पाहिलं. "म्हंजे मी रोज दार उगडून ह्यास्नी बलावते व्हय?"

तिच्या तोंडाकडं मला बघवेना. ज्या काळजीचा तिला अभिमान होता, ती काळजीच बियाणं खात होती. ती ताडकन उठली आणि पाचट ओढायला लागली. इथं माझी पंचाईत झाली. आरण झाकली तर तिचं बियाणं वाचणार होतं, पण पाकोळी अंडी घालताना सापडणार नव्हती. आणि फोटोशिवाय गावाला हे पटणार नव्हतं, लेले साहेबांचा अनुभव समोर होता. फोटोसाठी आरण उघडी ठेवा, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं? मी नुसता कॅमेऱ्याजवळ उभा राहिलो.

तिलाच ते उमगलं. तिनं सगळी आरण झाकली, दाबून झाकली, आणि एक कोपरा, तळहाताएवढा, मोकळा ठेवला. "आता कुटं जातील? सगळ्या हितंच येतील. तुमी तुमचं डबडं हितं लावा, भाऊ."

हे माझ्या डोक्यात कधी आलं नसतं. त्या दिवशी कॅमेरा हलवेपर्यंत अंधार पडला, म्हणून तिसऱ्या संध्याकाळी आम्ही तसंच केलं. सरूबाई एका हातानं पाचट दाबून बसली, मी चौकट नेमून बसलो, शब्बीर बल्ब हातात घेऊन तयार. जन्मात पहिल्यांदाच तो गप्प होता. दिवस मावळला तशा त्या आल्या आणि त्या एका भोकापाशी त्यांची अशी गर्दी झाली की मला निवडायला मिळालं. एक पाकोळी सरळ चौकटीत चालत आली. डोळ्याच्या खळग्यापाशी थांबली, मागं फिरली आणि पोटाचं टोक वाकवून खळग्यात टेकवलं. तिनं टोक उचललं, खाली खसखशीसारखं काहीतरी राहिलं होतं. पुन्हा टेकवलं. मी बटण दाबलं.

काच धुवायला सरूबाईची धान्याची खोली घेतली. दाराला घोंगडी, कंदिलाला लाल कापड. उन्हाळ्यात सगळ्यात मोठी भीती पाण्याची. पाणी कोमट असलं की काचेवरचा थर जिलेटिनचा असतो तो सुटून घसरतो आणि फोटोची लापशी होते. सरूबाईनं दारातला माठ उचलून आत आणला. त्या गार पाण्यात मसाला कालवून काच हलवता हलवता आधी बटाट्याचा डोळा उमटला, मग पाकोळीचे पंख, मग वाकलेलं पोट आणि खाली अंडी. स्पष्ट, एकेक वेगळं. मी ओरडलो असणार, कारण शेजारच्या गोठ्यातली म्हैस हंबरली.

एकच गोष्ट मनासारखी नव्हती. फोटोच्या कडेला पाचट दाबून धरलेला सरूबाईचा अंगठा आला होता. किंचित धूसर, पण भलामोठा. चांगल्या चित्रात अशी लुडबुड मला खपत नाही. शब्बीर म्हणाला, "काळ्या कागदानं झाका राव, कुनाला कळतंय." पण बैठक तोंडावर आली होती. त्या काचेवरून दुसऱ्या काचेवर छाप घेऊन पडद्यावर टाकण्याजोगं चित्र करायचं होतं, आणि ते वाळवता वाळवताच वेळ संपला. अंगठा राहिला.

अक्षयतृतीयेला दिवेलागणीनंतर गाव देवळापुढं जमलं. शब्बीरनं तुपाच्या रिकाम्या डब्याचा, सायकलच्या कार्बाइडच्या दिव्याचा आणि माझ्या एका भिंगाचा मिळून दिवा तयार केला होता. चित्र टाकायला पाटलांच्या घरचंच धोतर टांगलं. लेले साहेब वेळेवर आले आणि नेहमीप्रमाणे बोलायला लागले, पण शब्बीरनं मधेच दिवा चालू केला आणि धोतरावर पाकोळी आली, वासराएवढी. लेले साहेबसुद्धा गप्प झाले, यावरून काय ते समजा. मी काठीनं एकेक दाखवलं. हा बटाट्याचा डोळा. हे तिचं पोट. ही अंडी. हिच्या अळ्या तुम्ही आतून पोखरताना पाहिल्या आहेत. आणि ही फक्त दिवस मावळताना येते, तुम्ही आरण उघडता तेव्हा.

बाबू पाटील उठले. "चित्र झ्याक हाय," ते म्हणाले. "पर हे पुन्यात काडलं का हितं, कुनी बघितलं? साहेबांच्या कचेरीत बटाटे काय कमी हायेत?"

लोक माना हलवायला लागले. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं एक म्हातारी म्हणाली, "आरं, त्यो आंगठा बघा की."

सगळ्यांनी पाहिलं. धोतराच्या डाव्या कडेला अंगठा होता, आणि त्याचं नख मधोमध दुभंगलेलं होतं. विळा लागून फुटलेलं ते नख साऱ्या गावाच्या ओळखीचं होतं. त्याच हातानं दर आषाढात गावाला बियाणं वाटलं जायचं.

सरूबाई उठली. पडद्याजवळ गेली आणि चित्रातल्या अंगठ्याशेजारी आपला हात धरला. "माजाच हाय," ती म्हणाली. "आरन बी माजीच. बल्ब उडला तवा मी तितंच व्हते."

गावात हशा पिकला, पण चांगला हशा. पाटील मात्र हसले नाहीत. त्यांना पटलं होतं की नाही मला सांगता येणार नाही, पण भर गावात शब्द मागं घेणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शेवटी असं ठरलं की पुढच्या हंगामात ज्याला हवं त्यानं सरूबाईकडं बियाणं ठेवावं, ज्याला हवं त्यानं पाटलांच्या बागेत.

मी चिंचवडला परत आलो, खुंटीवरचा कोट झटकला आणि पासाचे फोटो काढायला लागलो. लेले साहेबांनी म्हटल्याप्रमाणे माझी पाकोळी तालुकाभर फिरवली. खेडच्या, म्हणजे हल्लीच्या राजगुरुनगरच्या बाजारात ती भिंतीवर लागली तेव्हा शब्बीर मुद्दाम बघायला गेला आणि जो भेटेल त्याला भाता कोणी केला ते सांगून आला. माझं नाव फोटोखाली नव्हतं. थोडं लागलं मनाला, पण सरूबाईचा अंगठा होता.

पुढच्या हंगामात अर्ध्या गावानं पाटलांकडं बियाणं ठेवलं. त्यांचे गडी जुन्या रीतीनं आरणीला संध्याकाळी वारं द्यायचे, तेही पाटील मागं उभे असल्यानं अगदी नेमानं. सरूबाईनं लेले साहेबांच्या सांगण्यावरून पाचटाखाली घाणेरीच्या उग्र वासाच्या, किडा दूर ठेवणाऱ्या पाल्याचा थर दिला आणि आरण उघडायची ती सकाळीच, ऊन चढायच्या आत. दिवस कलल्यावर तिनं स्वतःच्या सख्ख्या भावालाही पाचटाला हात लावू दिला नाही.

लागवडीच्या आधी तिचा निरोप आला, बी वाटायला आरण उघडतेय, या. मी शब्बीरला घेऊन गेलो. पोचलो तेव्हा संध्याकाळ होत आली होती. पाटलांची आरण आदल्या आठवड्यात उघडून झाली होती आणि तिथून जो वास येत होता त्यावरून काही विचारायची गरज नव्हती. आम्ही ओसरीवर चहा घेत बसलो असताना समोरच्या आमराईत बैलगाडी येऊन उभी राहिली. गाडीत रिकामी पोती. पुढं बाबू पाटील स्वतः.

"वैनी," ते म्हणाले, "बी पायजे. रान तयार हाय, आभाळ भरून आलंय. आत्ताच भरून न्हेतो."

सरूबाईनं कप खाली ठेवला. सूर्य टेकडीला लागला होता. "पाटील, आता न्हाई उगडायची," ती म्हणाली. "सकाळी."

"आवं, पान्यानं गाठलं म्हंजे?"

"गाठू द्या. ही येळ तिची हाय, आपली न्हाई."

पाटील उभेच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना त्या गावात कुणी थांबा म्हटलं नसावं. मग त्यांनी बैल सोडले, गाडीतलीच पोती अंथरली आणि आमराईत आडवे झाले. सरूबाईनं त्यांना भाकरी पाठवली, वर दुधाचा तांब्या. माझा माणसांचा मोठा कॅमेरा चिंचवडलाच राहिला होता, याचं दुःख मला अजून आहे. त्या संध्याकाळी मला किडे नको होते.

सकाळी उजाडल्याबरोबर तिनं आरण उघडली. घाणेरीचा पाला बाजूला केला तसा आतून बटाटा निघाला, टणक, कातडी तुकतुकीत, कोवळे कोंब फुटू लागलेला. लोक हातात घेऊन दाबून पाहत होते आणि एकमेकांना दाखवत होते. पाटलांनीही एक उचलला, डोळ्याजवळ नेला, फिरवून फिरवून पाहिला. नासका भाग शोधत होते की आनंदानं बघत होते, कळायला मार्ग नव्हता.

सरूबाईनं पाटी भरली, दोन्ही हातांनी उचलून त्यांच्यापुढं धरली.

"घ्या पाटील," ती म्हणाली. "हात त्योच हाय."

पाटलांनी गड्याला हाक मारली नाही. त्यांनी पागोटं नीट केलं, पाटी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि गाडीकडं चालू लागले.